पान उघडायला इतका वेळ का? पीडीएफ आणि त्याच्या फुगत गेलेल्या वाचकाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण शिशाच्या खिळ्यांपासून संगणकावरच्या अक्षरजुळणीपर्यंत आलो होतो. शेवटी प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आला होता, की संगणकावर तयार केलेलं पान दुसऱ्याच्या संगणकावरही तसंच्या तसं दिसायला लागलं, ते कधीपासून? एका शब्दात उत्तर द्यायचं तर १९९३ पासून. पण त्या उत्तरामागे एक लांबलचक गोष्ट आहे आणि तिचा निम्मा भाग आपल्या सगळ्यांच्या तक्रारीचा आहे. म्हणून आजचा सगळा वेळ त्याच विषयाला देऊ.

आधी तक्रार बघू. वीसेक वर्षांपूर्वी घरात संगणक होता अशांना हे लगेच आठवेल. परीक्षेचं वेळापत्रक किंवा एखाद्या अर्जाचा नमुना आलेला असे. दोनच पानं, जेमतेम ५०-६० किलोबाइटची फाईल. त्यावर आपण दोनदा क्लिक करायचो. आधी वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाची पाटी यायची. पाटीखाली बारीक अक्षरांत कुठल्या कुठल्या भागांची नावं पळायची. हार्ड डिस्क करकर वाजायची. आपण पाणी पिऊन यायचो. मग पान दिसणार एवढ्यात एक चौकट यायची, की नवी आवृत्ती आली आहे, उतरवून घेता का? ती बंद केली की शेवटी ते दोन पानांचं वेळापत्रक दिसायचं. मराठीत याला नेमकी म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता प्रश्न असा, की हे असं का झालं? प्रोग्रॅम लिहिणारे आळशी होते, असं म्हणून सोडून देता येतं. आमच्या मते ते खरं नाही. यात अर्थकारण आहे, आणि खर्च कुणाच्या माथी पडला हा प्रश्नही आहे. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. पण ज्या कंपनीवरून हा शब्द आला, तिची कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एक संशोधन संस्था होती. लेझर प्रिंटर तिथेच आकाराला आला. तिथे जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघे काम करत होते. प्रिंटरला पानाचं वर्णन कसं कळवायचं, यासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इंटरप्रेस नावाची भाषा तयार केली. कंपनी ती बाजारात आणीना. कंटाळून हे दोघे बाहेर पडले आणि डिसेंबर १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. वॉर्नॉक यांच्या घरामागून एक ओढा वाहत असे, त्याचं नाव ॲडोबी. तेच कंपनीला दिलं.

तिथे पोस्टस्क्रिप्ट ही भाषा झाली. १९८५ साली ॲपलच्या लेझररायटर या प्रिंटरमध्ये ती आली आणि टेबलावरची छपाई शक्य झाली. पोस्टस्क्रिप्ट समजून पान काढायला इतकी ताकद लागे, की लेझररायटरमध्ये १.५ मेगाबाइट स्मृती होती. त्याला जो मॅकिंटॉश जोडत, त्यात असायची ५१२ किलोबाइट. म्हणजे प्रिंटर संगणकापेक्षा दांडगा! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोस्टस्क्रिप्ट ही नुसतं पानाचं वर्णन करणारी भाषा नाही, ती पुरी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. तिच्यात गणित करता येतं, अटी घालता येतात, एकच काम हजारदा करायला सांगता येतं. हे तिचं बळ, आणि अडचणही हीच. पन्नासावं पान बघायचं असेल तर त्याआधीच्या एकोणपन्नास पानांची आज्ञावली चालवून बघितल्याशिवाय पन्नासाव्यावर काय आहे, हे खात्रीने सांगता येत नाही.

वॉर्नॉक यांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. ॲपलला प्रात्यक्षिक दाखवायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या आयकराचा फॉर्म निवडला. बारीक अक्षरं, रेघाच रेघा, चौकटीच चौकटी. तो छापायला काही मिनिटं लागत होती. मग त्यांनी एक युक्ती केली. आज्ञावली एकदा पूर्ण चालवायची, आणि त्यातून शेवटी ज्या साध्या आज्ञा निघतात, इथे अक्षर ठेव, तिथून तिथे रेघ ओढ, तेवढ्याच टिपून ठेवायच्या. बाकीची सगळी हिशेबाची कटकट टाकून द्यायची. त्यानंतर तोच फॉर्म मिनिटाच्या आत निघाला.

मंडळी, पीडीएफचं बीज इथे आहे. म्हणजे ज्या गोष्टीच्या संथपणावर आपण इतकी वर्षं चिडलो, तिचा जन्मच मुळी संथपणावरच्या चिडीतून झाला.

१९९१ साली वॉर्नॉक यांनी एक छोटं टिपण लिहिलं. त्या प्रकल्पाला त्यांनी कॅमलॉट असं नाव दिलं होतं. मुद्दा साधा होता. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये तयार केलेला कागद कुठल्याही यंत्रावर, मूळ प्रोग्रॅम आणि मूळ फॉन्ट नसतानाही, जसाच्या तसा दिसावा आणि छापता यावा. १५ जून १९९३ रोजी त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. फाईलचं स्वरूप, म्हणजे पीडीएफ, आणि ते हाताळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ॲक्रोबॅट.

या स्वरूपाची रचना थोडी समजून घेऊ, कारण ती फार विचाराने केलेली आहे. पोस्टस्क्रिप्टमधल्या अटी आणि आवर्तनं त्यांनी काढून टाकली. पानावर काय आहे, तेवढंच ठेवलं. फाईलच्या शेवटी एक सूची ठेवली, त्यात फाईलमधली कुठली वस्तू कितव्या बाइटपासून सुरू होते याची नोंद. वाचणारा प्रोग्रॅम आधी शेवट बघतो, सूची वाचतो आणि थेट हव्या त्या पानावर उडी मारतो. हजार पानांच्या ग्रंथातलं ७३०वं पान उघडायला आधीची ७२९ पानं चाळावी लागत नाहीत. तेव्हा हे नीट ध्यानात घ्या, की स्वरूप हलकंच होतं. वजन वाढलं ते वाचकाचं. इथून पुढे आम्ही 'वाचक' म्हणू ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, माणसाला नव्हे.

सुरुवातीला या वाचकालाही पैसे पडत, सुमारे ५० डॉलर. आणि अर्थात तो फारसा कुणी घेईना. पत्र कुणीतरी तुम्हाला पाठवलंय, आणि पाकीट फोडायचे पैसे तुम्ही द्यायचे, असला तो प्रकार. स्पर्धाही होती. कॉमन ग्राउंड, एन्व्हॉय अशी दुसरी स्वरूपं बाजारात होती. १९९४ पर्यंत ॲडोबीने वाचक फुकट केला. पैसे घ्यायचे ते पीडीएफ तयार करणाऱ्याकडून, वाचणाऱ्याकडून नाही. अमेरिकेच्या आयकर खात्याने करदात्यांना फॉर्म वाटायला हेच स्वरूप उचललं. ज्या फॉर्मपासून सुरुवात झाली, तोच घरोघरी गेला. हळूहळू स्पर्धक मागे पडले आणि पीडीएफ जगभर पसरलं.

फुकट दिलेली वस्तू कमावत काहीच नाही. मग कंपनीच्या हिशेबात तिचा उपयोग काय? उपयोग हा, की ती सगळ्यांच्या घरात असते. कोट्यवधी संगणकांवर आपला प्रोग्रॅम बसलेला आहे म्हटल्यावर, कंपनीला जे काही विकायचं आहे त्याचं एक टोक त्या प्रोग्रॅममध्ये खोचून द्यायचा मोह कुणाला आवरेल?

आता क्रमाने बघू. १९९६च्या तिसऱ्या आवृत्तीच्या सुमारास भरता येणारे फॉर्म आले, आणि ब्राउझरच्या खिडकीतच पीडीएफ उघडायची सोय आली. दशकाच्या अखेरीस फॉर्ममधले हिशेब करायला जावास्क्रिप्ट आली. म्हणजे काय झालं बघा. पान लवकर उघडावं म्हणून ज्या कागदातून प्रोग्रॅमिंग मुद्दाम काढून टाकलं होतं, त्याच कागदात ते मागच्या दाराने परत आलं. २००१च्या पाचव्या आवृत्तीत पारदर्शक चित्रांची सोय झाली. २००३च्या सहाव्या आवृत्तीत एक्सएफए नावाचे नव्या पद्धतीचे फॉर्म आले. २००५च्या सातवीत वस्तूंच्या त्रिमित आकृत्या फिरवून बघता यायला लागल्या. दरम्यान ॲडोबीने मॅक्रोमीडिया ही कंपनी घेतली होती, म्हणून २००८च्या नवव्या आवृत्तीत फ्लॅशही वाचकाच्या पोटात आलं.

यातली कुठलीच गोष्ट निरुपयोगी नव्हती, हे मान्य करायला हवं. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला त्रिमित आकृती हवीच होती. बँकेला हिशेब करणारा फॉर्म हवा होता. अंध व्यक्तींसाठी पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आली, ती तर फार मोलाची. म्हणजे प्रत्येक सोय कुणीतरी मागितलेली होती. पण ती मागणारा एक आणि तिचं ओझं वाहणारा दुसरा, असं झालं. कारखान्याला लागणारी त्रिमित आकृतीची सोय दहावीचं वेळापत्रक बघणाऱ्या मुलाच्या संगणकावरही उतरत होती.

तो संगणक काय ताकदीचा होता? विंडोज एक्सपी चालायला किमान ६४ मेगाबाइट स्मृती लागे आणि १२८ असावी अशी शिफारस होती. पुष्कळ घरांत तेवढीच असायची. इंटरनेट फोनच्या तारेवरून, आणि फोनचं बिल वेगळं. नववी आवृत्ती उतरवून घ्यायची म्हणजे ३० मेगाबाइटच्या वर. ५६ किलोबिटच्या मोडेमवर, लाईन अगदी उत्तम असती तरी, हिशेब तासाच्या पुढे जातो. प्रत्यक्षात लाईन मधेच तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. ब्रॉडबँड आलं तेव्हाही आपल्याकडच्या स्वस्त योजनेत महिन्याला ४०० मेगाबाइटची मर्यादा असे. वाचकाची एक नवी आवृत्ती म्हणजे महिन्याच्या शिध्यातला तेरावा हिस्सा. पहिल्या आवृत्त्या तर काही फ्लॉपींवर मावत होत्या!

सहाव्या आवृत्तीबद्दल जगभर ओरड झाली. सुरू होताना ती सगळे प्लग-इन, म्हणजे जोडलेले छोटे प्रोग्रॅम, एकेक करून स्मृतीत आणत बसे. पाटीखाली पळणारी नावं ती हीच. मग लोकांनी शोध लावला, की प्लग-इनच्या फोल्डरमधल्या बहुतेक फायली उचलून दुसरीकडे ठेवल्या, तर वाचक झटकन उघडतो आणि साधं पान दाखवायला काही अडत नाही. ही युक्ती तोंडोतोंडी पसरली. संगणक दुरुस्त करणारी मुलं घरी आली की ते काम करून जायची. जो भाग काढून टाकला तरी अडत नाही, तो सगळ्यांच्या डोक्यावर होता कशाला, हे त्यातून आपोआप कळत होतं.

त्याच वर्षी वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी पडद्यावर वाचण्यासाठी पीडीएफ अयोग्य आहे अशी कडक टीका केली. छापण्यासाठी ठेवा, वाचायला साधं वेबपान द्या, असं त्यांचं म्हणणं. त्याच्याही आधी, १९९५ साली, पास्कल भाषेचे जनक निकलाउस वीर्थ यांनी सडपातळ सॉफ्टवेअरसाठी एक कळकळीचा लेख लिहिला होता. यंत्रं जितक्या वेगाने जलद होतात, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जातं, असा त्याचा आशय. लोक आज त्याला वीर्थचा नियम म्हणतात.

यावर कंपनीचा उपाय काय होता? संगणक सुरू होतानाच वाचकाचा एक तुकडा आधीच स्मृतीत आणून ठेवणारा छोटा प्रोग्रॅम. म्हणजे फाईल पटकन उघडल्यासारखी वाटे. पण वेळ वाचला नाही, फक्त जागा बदलली. फाईल उघडताना थांबायचं ते आता संगणक सुरू करताना थांबायचं, आणि त्या दिवशी एकही पीडीएफ बघितलं नाही तरी थांबायचं. शिवाय वाचकाबरोबर पाहुणे यायचे. कधी फोटो लावायचा प्रोग्रॅम, कधी ब्राउझरचा टूलबार, नवव्या आवृत्तीबरोबर एआयआर नावाचा आणखी एक थर. बाळसं आणि सूज यांतला फरक आपल्या आजीला कळायचा. इथे सूज होती.

या सगळ्यात एक गोष्ट विशेष बोलकी आहे. बरीच वर्षं त्या फुकट वाचकात फॉर्म भरता येई, छापता येई, पण भरलेला फॉर्म सेव्ह करता येत नसे. तासभर बसून चार पानं भरायची, आणि छापायला घरी प्रिंटर नसेल तर सगळं पाण्यात. ती सोय करणारी आज्ञावली वाचकात नव्हती का? होती. पण तिला कुलूप होतं, आणि किल्ली फॉर्म काढणाऱ्या संस्थेला विकली जायची. संस्थेने पैसे भरले असतील, तरच तिच्या फॉर्मपुरतं तुमच्या संगणकातलं कुलूप उघडे. २०१२ साली अकरावी आवृत्ती आली तेव्हा हे बंधन गेलं. म्हणजे माल आपल्या माळ्यावर साठवलेला आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. आम्ही मघाशी अर्थकारण म्हणालो, ते हे. वाचक फुगला तो विसराळूपणाने नव्हे. आपला संगणक हे दुसऱ्याच्या मालाचं गोदाम झालं होतं.

मग सुटका कशी झाली? झाली, आणि तिचं कारण १९९३ मध्येच पेरलेलं होतं. ॲडोबीने पीडीएफच्या रचनेची सगळी नियमावली पहिल्याच वर्षी पुस्तकरूपाने छापली होती. ती वाचून कुणीही स्वतःचा वाचक लिहावा, अशी मुभा होती. हा निर्णय उदारही होता आणि धोरणीही, कारण त्यामुळेच स्वरूप इतकं पसरलं. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की वाचक एकाच कंपनीचा राहिला नाही.

पोस्टस्क्रिप्टसाठी एल. पीटर डॉइच यांचं घोस्टस्क्रिप्ट १९८८ पासून होतंच, पुढे ते पीडीएफही वाचू लागलं. १९९५ साली डेरेक नूनबर्ग यांनी एक्सपीडीएफ लिहिलं. लिनक्सवरचे पुढचे अनेक वाचक त्याच मुळातून फुटले. विंडोजवर फॉक्सिट आला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एकदोन मेगाबाइटच्या होत्या, क्लिक केलं की पान समोर. अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की संगणक आपला संथ नव्हताच! २००६ साली क्शिश्तोफ कोवाल्चिक यांनी सुमात्रा हा वाचक काढला. एकच फाईल, पेनड्राइव्हवर टाकून कुठेही न्यावी, बसवायची सुद्धा गरज नाही. सायबर कॅफेत आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याची किती सोय झाली असेल, विचार करा.

२००८च्या १ जुलैला पीडीएफ हे आयएसओचं मानक झालं. नियमावली आता कंपनीची न राहता आंतरराष्ट्रीय संस्थेची झाली.

आणि लगेच २००९ मध्ये फुगवट्याचं दुसरं बिल आलं. घराला जितकी दारं, तितक्या कड्या बघाव्या लागतात. वाचकात शिरलेली प्रत्येक सोय म्हणजे एक नवं दार. त्या वर्षी फेब्रुवारीत एक दोष उघड झाला. चित्रं दाबून साठवण्याच्या एका पद्धतीतला हा दोष होता. नुसती फाईल उघडली तरी परक्याच्या हाती संगणक जाऊ शकत होता. दुरुस्ती मार्चमध्ये आली, त्याआधीच हल्ले सुरू झाले होते. एप्रिलमध्ये सुरक्षातज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन यांनी उघडपणे सांगितलं, की लोकांनी दुसरा वाचक वापरावा. ॲडोबीनेही मग ते गांभीर्याने घेतलं. दर तीन महिन्यांनी दुरुस्त्या द्यायचं ठरवलं, आणि २०१०च्या दहाव्या आवृत्तीत वाचकाला कुंपणात बसवलं, म्हणजे आत काही बिघडलं तरी बाकीच्या संगणकाला झळ लागू नये. हे काम चांगलं झालं, तेही नोंदवलं पाहिजे.

त्यानंतर ब्राउझरांनीच हा प्रश्न हाती घेतला. २०१० मध्ये क्रोममध्ये पीडीएफ दाखवायची सोय आली, तीही फॉक्सिटच्याच इंजिनावर. मोझिलाने २०११ मध्ये पीडीएफ डॉट जेएस सुरू केलं आणि २०१३च्या फेब्रुवारीत ते फायरफॉक्समध्ये आलं. आज बहुतेक लोक वेगळा वाचक बसवतच नाहीत.

पण यातून छोट्यांचा विजय झाला असं म्हणून टाळ्या वाजवू नका. फॉक्सिटही पुढे मोठा झाला, त्यातही सोयी वाढल्या, त्याच्याही बरोबर टूलबार येऊ लागला, आणि एकदोन मेगाबाइटचा प्रोग्रॅम कित्येक पटींनी फुगला. म्हणजे माणसं चांगली-वाईट असण्याचा हा प्रश्न नाही. फुकट वाचकाला पोट भरायचं असेल, तर तो त्याच वाटेने जातो. आपल्याला वाचवलं ते कुणा एका सज्जन प्रोग्रॅमने नाही. एक फुगला तर दुसरा लिहिता येतो, या शक्यतेने वाचवलं. ही शक्यता उघड्या नियमावलीतून आली.

ती नसते तिथे काय होतं, हेही आपल्याकडे दिसलं. मघाशी एक्सएफए फॉर्मचा उल्लेख आला. त्याची नियमावली कंपनीच्याच हातात राहिली आणि ती प्रचंड होती. इतर वाचकांनी बहुधा तिला हातच लावला नाही. असा फॉर्म दुसऱ्या वाचकात उघडला, की 'कृपया थांबा' अशा अर्थाचं एक इंग्रजी पान दिसायचं, आणि कितीही थांबलं तरी पुढे काही व्हायचं नाही. भारतात कंपनी कामकाज मंत्रालयाची एमसीए २१ ही व्यवस्था २००६ मध्ये सुरू झाली. तिचे फॉर्म पीडीएफमध्ये होते आणि ते ॲडोबीच्याच वाचकात भरावे लागत. मुंबई-पुण्यातल्या सीए आणि कंपनी सेक्रेटरींच्या कार्यालयांत मोठा वाचक काढून टाकणं शक्यच नव्हतं, तो कितीही जड असो. २०१७च्या नव्या मानकात एक्सएफए मोडीत काढलं गेलं आणि मंत्रालयाचे फॉर्मही वेबवर गेले. पण मधली कितीतरी वर्षं गेली ती गेलीच.

डिजिटल सहीचं प्रकरण थोडं वेगळं आहे. ई-आधारच्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, ते आपण पाहिलं असेल. सही तपासून घेतली की तिथे हिरवी खूण येते. हे तपासणं मानकात आहे, पण काम किचकट. म्हणून छोट्या वाचकांनी ते बहुधा सोडून दिलं. म्हणजे ज्याला आपण फुगवटा म्हणून नावं ठेवली, त्यातला एक भाग आपल्याच कामाचा निघाला. म्हणून सरसकट 'लहान ते चांगलं' असंही म्हणता येत नाही. ज्याला जे लागेल ते त्याने जोडून घ्यावं, न लागणाऱ्यावर लादू नये, एवढंच म्हणता येतं.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या भाषेचा. मराठीवर पीडीएफचे उपकार मोठे आहेत. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीचा देवनागरी फॉन्ट वेगळा, त्यातली अक्षरांची जागा वेगळी. एकाची फाईल दुसऱ्याकडे गेली की नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. पीडीएफमध्ये फॉन्ट फाईलच्या आतच बसतो, त्यामुळे सोलापुरात जुळवलेलं पान शिकागोतल्या मराठी माणसालाही जोडाक्षरांसकट नीट दिसू लागलं. जडशीळ वाचक आपण एवढी वर्षं सोसला, त्याचं एक कारण हेही आहे. आपल्याला दुसरी सोयच नव्हती.

पण दिसणं म्हणजे असणं नव्हे. त्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये एखादा शब्द शोधून बघा. सापडत नाही. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा, तर पुन्हा तीच खिचडी. युनिकोड फॉन्ट असला तरी फाईल नीट बनवलेली नसेल, तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. कागदाचं रूप टिकलं, पण आतला मजकूर गेला. जुने शासन निर्णय, अंक, अहवाल असे कितीतरी डोळ्यांना दिसतात आणि शोधाला सापडत नाहीत. अंध वाचकाला तर ते कोरे कागदच.

यावर उपाय आहे आणि तोही इतिहासातच आहे. २००५ मध्ये दीर्घकाळ जतन करायच्या कागदांसाठी पीडीएफ/ए हे मानक आलं. त्यात जावास्क्रिप्ट चालत नाही, आवाज आणि चलचित्रं चालत नाहीत, कुलूप चालत नाही, आणि सगळे फॉन्ट फाईलच्या आत असावेच लागतात. म्हणजे बारा वर्षं जे जे भरत गेले, ते काढून टाकून पुन्हा कागदाकडे. पन्नास वर्षांनी उघडायची फाईल असेल तर ती हलकीच हवी, हे अभिलेखागारांना आधी कळलं. त्याच मानकाच्या वरच्या पातळ्यांवर मजकूर युनिकोडमध्ये शोधता यावा अशीही अट आहे.

म्हणून आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घेऊन जा असं आम्ही म्हणू. प्रोग्रॅम संथ झाला की आपण प्रोग्रॅमवर चिडतो, नवा संगणक घेतो, आणि चार वर्षांनी तोही संथ होतो. चिडायचंच असेल तर आधी विचारावं, की हा कागद वाचायला मला एकाच कंपनीच्या दारात उभं राहावं लागतंय का? बँक, विद्यापीठ, सरकारी खातं, आपली सोसायटी, आपल्या वाचनालयाचा अहवाल, सगळ्यांना विचारावं. उघड्या मानकात द्या आणि आतला मजकूर शोधता येईल असा द्या. तेवढं झालं, की वाचक जड झाला तर दुसरा घेता येईल, आणि तो आपल्याकडचीच एखादी मुलगी लिहू शकेल.

ॲडोबीचे दोन्ही संस्थापक आता नाहीत. गेश्की २०२१ मध्ये गेले, वॉर्नॉक २०२३ मध्ये. एक फॉर्म लवकर छापला जावा, एवढ्याशा अडचणीतून त्यांनी जे सुरू केलं, त्यावर आज अर्ध्या जगाचे कागद चालतात. त्यांच्या कंपनीच्या वाचकाबद्दल आपण बरंच बोललो, ते बोलायलाच हवं होतं. पण नियमावली पहिल्या वर्षी छापून टाकण्याचं श्रेयही त्यांचंच आहे, आणि आपल्याला बाहेरची वाट मिळाली ती त्यामुळेच.

पुढच्या वेळी युनिकोड आणि देवनागरी हा विषय घेऊ. आज अर्धवट सोडलेली वेलांटी तिथे जागेवर बसवू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.